घरी टेलिकास्टर (इलेक्ट्रिक गिटार) बांधतोय – तुनाच्या लाकडाची बॉडी, विकतचा नेक, बाकी सुटे पार्ट

सहावी_तार (पुणे), मे

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

मी भोसरीला टूलरूममध्ये फिटर आहे आणि गेली अकरा वर्षं गिटार वाजवतोय. आत्तापर्यंत दोन इलेक्ट्रिक झाल्या, दोन्हींचा नेक (बोटांनी तारा दाबतो ती दांडी) माझ्या हाताला बारीक, तासभर वाजवलं की अंगठ्याच्या बुडाशी दुखायला लागतं. मला जाड, गोल पाठीचा नेक हवा होता आणि तसा तयार गिटारवर माझ्या बजेटात मिळेना. मग मार्चमध्ये सुटा नेक मिळाला, मेपलचा, वर शिसवीचा फ्रेटबोर्ड, २२ फ्रेट (धातूच्या आडव्या पट्ट्या), स्केल (तारेची वाजणारी लांबी) २५.५ इंच म्हणजे ६४८ मिमी. हातात धरला आणि कळलं की हाच. आता उरलेली गिटार त्याच्याभोवती बांधायची आहे.

टेलिकास्टरच का, तर ती बांधायला सगळ्यात सरळ आहे. बॉडी म्हणजे ४५ मिमी जाडीची सपाट फळी, पोटाला गोलाई नाही, हाताला उतार नाही. लिओ फेंडरनं १९५० मध्ये ती आणली तेव्हा नाव ब्रॉडकास्टर होतं, १९५१ मध्ये टेलिकास्टर झालं. हा माणूस स्वतः गिटार वाजवत नव्हता, त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि मला वाटतं त्याच्या डिझाइनमध्ये ते दिसतं. नेक चिकटवायचाच नाही, चार स्क्रूंनी आवळायचा, बिघडला की काढून दुसरा लावायचा. पार्ट सुटे होतात म्हणूनच सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी मी भोसरीत बसून हे करू शकतोय.

लाकूड कुठलं घ्यावं हे विचारायचंय. वखारीत सागवान सहज मिळतोय. पिकअप (तारांचा सूर विजेत बदलणारी कॉइल), ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग), खुंट्या यायच्या आहेत. हातात आहे ते राउटर (लाकूड कोरायचं यंत्र), कॉलेजपासूनचं व्हर्नियर, आणि रविवार.

गिरमिट (सांगली)

स्वागत. सागवान नको. वाजेल चांगला, पण जड होईल आणि तेलकट असतो, जोड द्यायच्या आधी दोन्ही कडा थिनरने पुसून लगेच फेविकॉल लावला नाही तर जोड पुढेमागे उघडतो. पाठीला पट्टा लावून दोन तास उभं राहणार असाल तर वजनाचा विचार आत्ताच करा.

माझं मत तून. आमच्याकडे मिरजेला सतार-तंबोऱ्याला हेच लाकूड वापरतात, भोपळा पंढरपूरकडचा आणि दांडी, तबली (भोपळ्यावरची फळी) तुनाची. हलकं, तांबूस, आणि महोगनीच्याच कुळातलं आहे हो, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारला परकं अजिबात नाही. मिरजेची सतार आणि तंबोरा या दोघांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथली घराणी शिकलगारांची, मूळ काम तलवारींना धार लावायचं, ते वाद्यांकडे वळले. त्या गल्लीत जाऊन बसा एक दिवस. मी फर्निचरवाला आहे, पण लाकूड वाजवून कसं निवडायचं ते मी तिथेच शिकलो. फळी दोन बोटांत लोंबती धरायची, दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने ठोकायची, आवाज लगेच मेला तर ती फळी दाराला वापरा.

पाव घनफूटपेक्षा जास्त लागणार नाही. जुनं, वाळलेलं मागा. कापून सहा महिने झालेलं लाकूड घेतलंत तर गिटार पावसाळ्यात एक आणि उन्हाळ्यात दुसरी होईल.

नवशिका_०७

दादा खूप भारी धागा, वाखू (वाचनखूण) साठवली. एक शंका, माझ्याकडे स्ट्रॅटचा (स्ट्रॅटोकास्टर, फेंडरचीच दुसरी गिटार) नेक पडून आहे, तो टेलिकास्टरच्या बॉडीवर बसेल का?

सहावी_तार

@नवशिका_०७, स्केल दोन्हींचं तेच, आणि रुंदीही साधारण तीच, ५६ मिमीच्या आसपास. फरक बुडाच्या आकारात, स्ट्रॅटच्या नेकचं बूड गोलसर असतं आणि टेलिचं चौकोनी. स्ट्रॅटचा टेलिवर बसतो, कोपऱ्यांत फट दिसते एवढंच. उलटं करायचं तर कोपरे घासावे लागतात.

@गिरमिट दादा, तुमचं ऐकून शनिवारी मिरजेला जाऊन आलो. तुम्ही सांगितलेल्या गल्लीत एका कारागिरांनी मला तीन फळ्या वाजवून दाखवल्या आणि तिसरी वाजली तेव्हा मीच थांबा म्हणालो. इतका फरक कानाला कळेल असं वाटलं नव्हतं. त्यांनी पैसे घेताना विचारलं कशाला हवीय, सांगितलं तर म्हणाले एकदा आणून दाखवा. दोन फळ्या घेतल्या, मधोमध जोड देणार.

गिरमिट

जोड देताना दोन्ही फळ्या एकत्र शिकंज्यात धरून एकदमच रंधा मारा. मग पुस्तक उघडल्यासारख्या उघडून कडेला कड लावायची. रंधा थोडा तिरका गेला असला तरी एकीचा तिरकेपणा दुसरीत भरून निघतो. नंतर जोड उजेडासमोर धरा, उजेड दिसला की परत रंधा. क्लॅम्प आवळून जोड बसवायचा नाही, जोड आधी बसलेला पाहिजे, क्लॅम्प नुसता धरायला.

सहावी_तार, मे अखेर

जोड झाला. चार वेळा रंधा मारला. शेवटी उजेड दिसेना तेव्हा फेविकॉल लावून एक दिवस ठेवला, आता जोडाची रेघ मलाच शोधावी लागते.

बाह्यरेषा बँडसॉवर कापून आणली, कडा राउटरने. १२ मिमी एमडीएफची टेम्प्लेट केली, दुहेरी टेपने चिकटवली, बेअरिंगवाल्या बिटने फिरवलं. एकावेळी ४ मिमीपेक्षा खोल गेलो नाही. तुनाचा भुसा नाकात जातो आणि घसा धरतो, मास्क घालाच. जॅकचं भोक २२ मिमीच्या चपट्या बिटने.

आणि मग ज्याच्यासाठी मी जीव टाकला ती नेकची खोबण. खोली १६ मिमी. टेम्प्लेटच नेकच्या बुडाला लावून काढली आणि फिटिंग असं बसलं की स्क्रू न लावता नेक धरून अख्खी बॉडी उचलली तरी सुटत नाही. व्हर्नियरने दोन्ही बाजू मिळून ०.०५ मिमीचा खेळ (मोकळी जागा). बायकोला हाक मारून दाखवलं.

गिरमिट

काम सुबक आहे, फोटो बघून बरं वाटलं. पण ०.०५ वाचून काळजी वाटली. लोखंडात तुम्ही दोन शतांश पकडत असाल, लाकूड तसं राहत नाही. अजून पॉलिश व्हायचंय, त्याचाही थर कडेला चढणार, आणि पंधरा दिवसांत पाऊस आहे. दोन्ही बाजूंना मिळून निदान अर्धा मिमी मोकळं ठेवा. नेक खोबणीच्या भिंतींनी धरलेला नसतो, तो तळाने धरलेला असतो. तळ आरशासारखा सपाट पाहिजे, तिथे पॉलिशचा थेंब नको, पॉलिश पेपरचा तुकडा नको, भुशाचा कण नको.

सहावी_तार

तळ सरफेस प्लेटवर निळं (उंचसखल दाखवणारी शाई) लावून तपासलाय दादा, सगळीकडे टेकतोय. भिंतींचं पटतंय, पण इतकं छान बसलंय की पटाशी लावायला हात होत नाही. पॉलिश झाल्यावर बघतो.

खारं_वारं (मडगाव)

धागा आवडला. मी गेली पंधरा वर्षं लग्नाच्या बँडमध्ये वाजवते, गिटार तीन, तिन्ही समुद्राच्या हवेत राहिलेल्या, म्हणून एवढंच सांगते की पॉलिशची घाई पावसाच्या आधी करू नका आणि पावसात तर मुळीच करू नका. लाखेचं फ्रेंच पॉलिश काय किंवा लॅकर काय, दमट हवेत मारलं की स्पिरिट किंवा थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि पांढरट ढग येतो. आमच्या इथे एकानं जूनमध्ये केलेली काळी गिटार अशी राखाडी झाली, परत सगळं घासावं लागलं.

सहावी_तार, जुलै

लिहायला उशीर झाला कारण लिहावंसं वाटत नव्हतं.

जूनमध्ये काही केलं नाही, बॉडी कपाटावर ठेवली होती. परवा नेक बसवून बघू म्हटलं तर जाईना. मे महिन्यात जो हाताने सरकत होता तो नेक कोपऱ्यावर अडला. तळहाताने दाबला. आवाज आला, अगदी बारीक, पापड मोडल्यासारखा. खालच्या कटअवेच्या (नेकपाशी बॉडी आत कापलेली असते त्या) बाजूची भिंत, जिथे लाकूड सगळ्यात पातळ राहतं, तिथे केसाएवढी चीर, साधारण ३० मिमी लांब.

गिरमिट दादांनी दीड महिना आधी स्पष्ट लिहिलं होतं. अठरा वर्षं फिटिंग केलंय, लोखंड फुगत नाही असं नाही, पण त्याला मी तापमान लावून हिशेब करतो. लाकूड पाण्यानं फुगतं आणि तेही रेषेच्या आडवं जास्त, लांबीत जवळजवळ नाहीच, हे माहीत असूनही माझ्या हाताला माहीत नव्हतं. आता काय करू?

गिरमिट

बसा खाली, चहा घ्या. गिटार वाचलीय, ही चीर बांधणाऱ्यातल्या निम्म्यांनी तरी बघितलेली असते.

पातळ सुपरग्लू घ्या, जाड नको. चीर बोटाने हलकी उघडी धरायची आणि टोकाला एक थेंब लावायचा, तो आपोआप आत ओढला जातो. मग खोबणीत मेणकागद घालून बाहेरून हलका क्लॅम्प, रात्रभर. दुसऱ्या दिवशी भिंती खरवडायच्या. पटाशी नको, पटाशी रेषेत घुसेल. जुन्या हॅकसॉ ब्लेडची पाठ काटकोनात घासून घ्या आणि तिनं खरवडा, धुरळ्यासारखं लाकूड निघतं. प्रत्येक बाजूने पाव मिमी. आणि आता खेळ आला म्हणून मध्यरेषा गेली असं समजू नका, मध्यरेषा खोबण ठरवतच नाही. ती दोऱ्याने ठरवायची. नेक सैल बसवा, नटच्या (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) पहिल्या आणि सहाव्या खाचेतून दोन दोरे ताणून ब्रिजच्या दोन टोकांच्या सॅडलवर (तार टेकते त्या तुकड्यांवर) न्या. शेवटच्या फ्रेटवर दोन्हीकडे कडेपासून सारखं अंतर येईपर्यंत नेक डावी-उजवीकडे हलवा. आलं की तिथेच क्लॅम्प करून भोकं. ब्रिजची भोकं त्याच्यानंतर. बॉडीवर पेन्सिलने मारलेली रेघ विसरा, तारा त्या रेघेवरून जात नाहीत, नेकवरून जातात.

सहावी_तार, ऑगस्ट

सगळं तसंच केलं. चीर आता नख फिरवलं तरी लागत नाही. दोरे ताणले तेव्हा लक्षात आलं की माझी पेन्सिलची मध्यरेघ आणि नेकची खरी मध्यरेघ ब्रिजपाशी अडीच मिमीने वेगळी आहे. म्हणजे खोबण तेवढी तिरकी कोरली गेली होती, आणि ती घट्ट असती तर मी ब्रिज बॉडीच्या रेघेवर बसवून टाकला असता आणि पातळ ई तार २२व्या फ्रेटवर कडेवरून घसरली असती. चीर पडली म्हणून हे कळलं.

स्क्रूच्या भोकांबद्दल नवीन लोकांसाठी लिहितो. बॉडीतलं भोक स्क्रूला मोकळं हवं, मी ४.५ मिमी ठेवलं, आणि नेकमधलं ३.२. दोन्हीकडे आटे धरले तर स्क्रू नेकला ओढून घेत नाही, मध्ये फट राहते आणि ती वरून दिसत नाही. मेपल फार कडक असतं, आधी भोक न पाडता स्क्रू घातला तर डोकं तुटून आत राहील. आट्यांना मेणबत्तीचं मेण लावा, साबण नको, साबण ओल धरतो आणि स्क्रू गंजतो. ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळून खोली बांधून घ्या, नाहीतर फ्रेटबोर्डातून बाहेर.

ब्रिज ६४८ ला. नटच्या आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजायचं, ते ३२४ आलं पाहिजे, त्याची दुप्पट. पातळ ई च्या सॅडलला पुढे थोडीशी जागा ठेवून ती त्या मापावर ठेवायची, बाकीच्या मागे जातात, जाड ई तर दोन-तीन मिमी जास्तच.

साता_समुद्रापार (कॅलिफोर्निया)

वाचतेय सगळं. माझा मुलगा हेच करायचं म्हणतोय म्हणून त्याला दाखवलं, मराठी वाचायला कंटाळतो पण हे आईकडून वाचून घेतलं. त्याचं लाडकं उदाहरण गिटारवादक एरिक क्लॅप्टनची ब्लॅकी नावाची गिटार, १९७० मध्ये नॅशव्हिलला घेतलेल्या जुन्या स्ट्रॅटपैकी तिघींचे चांगले चांगले भाग काढून एक बनवली, वर्षानुवर्षं तीच वाजवली आणि २००४ च्या लिलावात ९,५९,५०० डॉलरला गेली. तीही सुट्या भागांचीच.

मला स्वतःला मात्र क्वीन बँडच्या ब्रायन मेची गिटार जास्त जवळची वाटते. वडिलांबरोबर १९६३ मध्ये सुरू केली, दोन वर्षं लागली, नेक जुन्या शेकोटीच्या वरच्या लाकडाचा, फ्रेटवरच्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांच्या, ट्रेमोलोला (सूर हलवायच्या दांड्याला) जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. पुढे क्वीनमध्ये त्याच्या शेजारी उभा राहून गायला तो फ्रेडी मर्क्युरी, जो शाळेला आपल्या पाचगणीला होता. मुलाला पाचगणी दाखवली आहे, शेकोटीचं लाकूड मात्र कुठून आणू.

सहावी_तार, सप्टेंबर अखेर

पॉलिश गणपती झाल्यावर, हवा कोरडी झाल्यावर सुरू केलं. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, मलमलमध्ये कापसाचा बोळा, बोळ्याला तेलाचा एक थेंब. तुनाची छिद्रं मोठी, पहिले तीन-चार हात नुसते पिऊन टाकते. ४०० चा पेपर मारून परत. तेराव्या हाताला लाकडाच्या आत दिवा लागल्यासारखं दिसायला लागलं. बॉडीचं वजन २.१ किलो आलं. नेकच्या खोबणीत मास्किंग टेप लावून एकही थेंब जाऊ दिला नाही.

आता वायरिंग. पिकअप दोन वेगवेगळ्या ठिकाणचे आहेत. तीन अडचणी आहेत. एक, पॉट (आवाज कमी-जास्त करायचा फिरता रेझिस्टर) २५० के लिहिलेलं तपकीर गल्लीत (पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) मिळत नाही, २२० के आणि ४७० के मिळतं. दोन, स्विच मधल्या जागेवर ठेवला, म्हणजे दोन्ही पिकअप चालू, की आवाज एकदम पातळ होतो, नाकातून बोलल्यासारखा. तीन, घूं असा आवाज येतो आणि तारांना हात लावला तरी कमी होत नाही.

ओहम (ठाणे)

मी दूरसंचार खात्यातून निवृत्त, गिटार वाजवत नाही, पण पुतण्याच्या दोन दुरुस्त केल्या आहेत. क्रमाने घेऊ.

पॉट २२० के बिनधास्त लावा. २५० छापलेल्या पॉटमध्येही वीस टक्के इकडेतिकडे चालतं, मीटर लावून बघा. ४७० के हंबकरला (दुहेरी कॉइलच्या पिकअपला). फक्त व्हॉल्यूमला ए लिहिलेलं घ्या, बी घेतलं तर सगळा फरक एका टोकाला जमा होतो. दांडीचे दात मोजून घ्या, परदेशी नॉबला २४ दात लागतात आणि आपल्याकडच्या बऱ्याच पॉटना १८ असतात, नॉब बसत नाही म्हणून लोक हातोडी मारतात.

पातळ आवाज म्हणजे दोन पिकअप उलट फेजमध्ये आहेत. एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, जाड सूर एकमेकांना मारतात आणि वरचे तेवढे उरतात. वेगवेगळ्या कंपन्यांचे घेतले की हे होतंच. काट्याचा मल्टिमीटर आहे का घरात? डिजिटल नको. पिकअपच्या दोन वायरींना लावा, सगळ्यात लहान डीसी रेंजवर, आणि स्क्रूड्रायव्हर पिकअपच्या पोलवर (तारेखालच्या चुंबकाच्या टोकावर) टेकवून झटकन उचला. काटा कुठल्या बाजूला उडतो ते लिहून ठेवा. दुसऱ्याला तसंच. उलट उडाला की खात्री.

तिसऱ्याचं आधी एक सांगा, घरातल्या सॉकेटला अर्थिंग आहे का? हे आधी तपासा, बाकी सगळं नंतर.

सहावी_तार

काका, काट्याचा मीटर शेजाऱ्यांकडे मिळाला. ब्रिजचा पिकअप, काटा उजवीकडे. नेकचा, डावीकडे. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. डोळ्यांसमोर फेज दिसली.

अर्थिंग, आमची चाळ जुनी, त्या खोलीत दोनच पिनचं सॉकेट होतं आणि मी अॅम्पच्या (अॅम्प्लिफायरच्या) तीन पिनांना अडॅप्टर लावून चालवत होतो.

ओहम

ते अडॅप्टर आज काढा. गिटारच्या तारा ब्रिजमधून, जॅकमधून, केबलमधून थेट अॅम्पच्या चॅसीला (धातूच्या सांगाड्याला) जोडलेल्या असतात. अॅम्पमध्ये काही बिघडून फेज चॅसीला लागली आणि अर्थ नसेल तर ती फेज तुमच्या बोटांत येते. दुसरा हात माइकला लागला तर छातीतून जाईल. वायरमन बोलावून अर्थ ओढून घ्या, तोवर अर्थ असलेल्या खोलीत वाजवा.

आता पिकअपची उलटी फेज. नेकच्या पिकअपच्या दोन वायरी उलट करायच्या, पण थांबा. टेलिच्या नेक पिकअपला धातूचं झाकण असतं आणि ते काळ्या वायरीला एका छोट्या पट्टीने जोडलेलं असतं. वायरी नुसत्या उलट केल्या तर झाकण हॉट (म्हणजे सिग्नलच्या वायरीला जोडलेलं) होईल आणि हात लागला की घूं वाढेल. ती पट्टी कापायची, झाकणाला वेगळी वायर देऊन ती ग्राउंडला, आणि मगच उलट करायचं. कॉइलची वायर केसापेक्षा बारीक असते, कटर तिच्याकडे जाऊ देऊ नका.

घूं बद्दल, हात लावल्यावर कमी होत नाही याचा अर्थ तारा ग्राउंडला पोचतच नाहीत. ब्रिज ते जॅकची बाहेरची पट्टी, मीटर लावून बीप येते का बघा. तुमच्या ब्रिज पिकअपच्या खाली धातूची प्लेट आहे का?

सहावी_तार

नाही काका, प्लेट नाही, खाली प्लॅस्टिक आहे. बीप येत नाही.

ओहम

मग सापडलं. जुन्या पद्धतीच्या टेलि पिकअपला खाली लोखंडी प्लेट असते, ती ग्राउंडला असते, आणि पिकअपचे स्क्रू प्लेटमधून ब्रिजला टेकतात, म्हणून ब्रिजला वेगळी वायर लागत नाही. तुमच्या आकृतीत ती वायर नव्हती कारण ती आकृती प्लेटवाल्याची आहे. ब्रिजखाली एक वायर आणा, टोक १५ मिमी सोलून पंख्यासारखं पसरवा आणि ब्रिजखाली दाबा, दुसरं टोक पॉटच्या पाठीवर. पॉटची पाठ आधी पॉलिश पेपरने खरवडा, २५ वॉटच्या आयर्नने नुसता गोळा बसतो आणि नंतर निघून येतो, ६० वॉटचा घ्या.

सहावी_तार, ऑक्टोबर

वायरमन येऊन गेला, अर्थ आला. झाकणाची पट्टी कापली, वायर दिली. ब्रिजखाली वायर. आत तांब्याची टेप लावली, जोडांवर सोल्डरचे टिपके. रात्री साडेदहाला केबल लावली, अॅम्प हळू. तारांना हात लावला की घूं थांबली. मधली जागा लावली आणि तो आवाज आला, दोन्ही पिकअपचा, भरलेला, वर काचेसारखा. ई मेजर वाजवला आणि तो संपेपर्यंत ऐकत बसलो. मी तुनावर शिक्का मारत नाही, लाकडामुळे सस्टेन (सूर टिकणं) किती आणि जोडामुळे किती हे मला वेगळं करता येत नाही, पण बॉडी पोटाला टेकलेली असताना तिच्यात सूर जाणवतो, आणि ते माझ्या आधीच्या दोन गिटारींत नव्हतं.

पण बाराव्या फ्रेटच्या पुढे G ची तार बझ करतेय (फ्रेटला लागून खरखरतेय), आणि पहिल्या पोझिशनला बोटांना जोर लागतोय.

खारं_वारं

अभिनंदन! आता सेटअप, आणि क्रम सोडू नका, एक बदललं की पुढचं बदलतं.

आधी ज्या तारा कायम लावणार त्याच लावा, १० ते ४६ (जाडी, इंचाच्या हजारांशात) असतील तर सहा मिळून नेकवर ४५ किलोच्या वर ताण येतो, ९ लावून केलेला सेटअप त्याला चालत नाही. सुरात लावा. मग ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करायची सळई), जाड ई पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून आठव्यापाशी फट बघा, पाव मिमी, व्हिजिटिंग कार्डाची जाडी साधारण तेवढीच. जास्त असेल तर घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, आणि मग थांबा. मग ब्रिजची उंची, बाराव्यावर जाड ई खाली २ आणि पातळ खाली १.६ मिमीपासून सुरू करा. मग नट. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली की पहिल्या फ्रेटवर कागदाएवढी फट हवी, तुमची नक्की जास्त असणार, म्हणून बोटांना जोर लागतो. खाच एकदम कमी घासा, एक घास जास्त झाला की नवा नट. सगळ्यात शेवटी इंटोनेशन, बाराव्यावरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर एक यायला हवा, दाबलेला चढा आला तर सॅडल मागे.

बझ एकाच जागी आहे की सगळीकडे? एकाच जागी असेल तर तो एक फ्रेट वर आलाय. तीन फ्रेटवर टेकेल अशी छोटी सरळ पट्टी ठेवा, डोलली की मधला उंच.

सहावी_तार

ताई, चौदावा डोलतोय. फ्रेट लेव्हलिंग मात्र माझ्या धंद्यातलं काम निघालं. तारा काढल्या, ट्रस रॉडने नेक सपाट केला, फ्रेटबोर्डवर टेप, प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर मार्करची रेघ, आणि ग्राइंड केलेल्या पट्टीला ४०० चा पेपर लावून लांबीत हलक्या हाताने. जिथे शाई गेली तिथे उंच, जिथे राहिली तिथे खोल. चौदाव्याची लगेच गेली. सगळ्यांवरून शाई जाईपर्यंत चालवलं, मग कानशीने माथे परत गोल केले, १०००, २०००, शेवटी पितळेला लावतात ते पॉलिश. टूलरूममध्ये आम्ही हेच करतो, फक्त निळं लावून.

नवशिका_०७

दादा खर्च किती आला एकूण? आणि राउटर नसेल तर?

सहावी_तार

नेक साडेआठ हजार, पिकअप दोन्ही मिळून चार हजार, ब्रिज-खुंट्या साडेतीन, लाकूड बाराशे, वायरिंग आणि पॉलिश दीड हजार. १९ हजारांच्या आत. बाहेरून मागवलेल्या एका पार्सलवर ड्युटी आली ती ह्यात धरली आहे. ह्या पैशात दुकानात गिटार मिळते आणि चांगली मिळते, तेव्हा पैसे वाचवायला करायचं असेल तर करू नकोस.

राउटर नसेल तर तयार बॉडी घे आणि नुसती जोडणी कर. अवघड आणि शिकण्यासारखं काम तरीही सगळं उरतं, नेक रेषेत बसवणं, फ्रेट, नट, सोल्डर. पहिली तशीच केलीस तर उलट बरं.

सहावी_तार, डिसेंबर

मिरजेला जाऊन आलो, गिटार घेऊन. त्या कारागिरांनी अॅम्प नको म्हणाले, तशीच मांडीवर घेतली, कान बॉडीला लावून एक तार छेडली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग नटकडे बोट दाखवून म्हणाले ह्याची खाच तिरकी आहे, तार मागे खुंटीकडे जाते त्या दिशेला उतार पाहिजे, म्हणून ही सुरातून उतरते. मी गेला महिनाभर G ची तार का उतरते ते शोधत होतो. त्यांनी सतारीच्या घोडीला लावतात ती बारीक कानस काढली, सहा-सात घास, परत लावली. उतरायची थांबली.

थंडीत हवा कोरडी झाली तसा फ्रेटबोर्ड आवळलाय आणि फ्रेटची टोकं कडेला बाहेर आलीत, वरून खाली हात फिरवला की करवतीसारखी लागतात. गिरमिट दादा, टोकं घासताना कडेच्या शिसवीला कानस लागू नये म्हणून तुम्ही टेप लावता की कानशीची एक बाजू गुळगुळीत करून घेता? रविवारी करायचं म्हणतोय.

गिरमिट

दोन्ही. आणि जानेवारी संपेपर्यंत थांबा, लाकूड अजून आवळेल, नाहीतर परत घासावं लागेल.